सासनकाठीच्या तोरण्या आणि परिणामी बल

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या जोतिबा डोंगरावर नाचविल्या जाणाऱ्या उंच सासनकाठ्यांचा तोल तोरण्यांनी, म्हणजे काठीला बांधून वेगवेगळ्या बाजूंनी ताणून धरलेल्या दोरांनी, सांभाळला जातो. बलांची बेरीज समजून घेण्यास याहून चांगले उदाहरण कोल्हापूर परिसरात क्वचितच सापडेल. बल ही सदिश राशी, म्हणजे परिमाणाबरोबर दिशाही असलेली राशी, असल्यामुळे 300 आणि 400 न्यूटनांच्या दोन आडव्या ओढी परस्परांशी काटकोन करीत असतील, तर त्यांची बेरीज 700 न येता 500 न्यूटन येते आणि ती मोठ्या ओढीपासून सुमारे 37 अंशांनी कललेली असते. या बेरजेलाच परिणामी बल म्हणतात. न्यूटनच्या 1687 मधील ‘प्रिन्सिपिया’त ते समांतरभुज चौकोनाच्या कर्णाने दाखविले आहे. सारख्या ओढीच्या तीन तोरण्या एकमेकींशी 120 अंशांचा कोन करीत असल्यास त्यांचे परिणामी आडवे बल शून्य होते.

प्रत्यक्षात तोरणी तिरपी असते, आणि सोप्या आकृत्यांतून निसटते ते नेमके हेच. जमिनीशी 60 अंशांचा कोन करणाऱ्या दोराला 100 न्यूटनांची ओढ दिली, तर तिचा आडवा घटक केवळ 50 न्यूटन भरतो, तर सुमारे 87 न्यूटनांचा उभा घटक काठी पेलणाऱ्याच्या अंगावर ओझे म्हणून येतो. दोर लांब सोडून, मागे सरून हा कोन 30 अंशांवर आणला, की दोन्ही आकड्यांची अदलाबदल होते. अर्थात परिणामी बल शून्य असतानाही काठी कलंडू शकते, कारण बलांच्या रेषा एका बिंदूतून जात नसतील, तर आघूर्ण, म्हणजे वस्तू फिरविण्याचा परिणाम, शिल्लक राहू शकतो आणि त्याची बेरीज स्वतंत्रपणे करावी लागते.