वाशिमच्या रानाची प्रतवारी

1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यानंतर जो मुलूख पुढे काही काळ स्वतंत्र जिल्हा म्हणून नांदला, 1905 मध्ये मोडून ज्याचा बराचसा भाग अकोल्यात विलीन झाला, आणि 1 जुलै 1998 रोजी जो पुन्हा आपल्या पायांवर उभा राहिला, त्या वाशिमच्या रानाची सरकारदरबारी झालेली वर्गवारी पाहिली, म्हणजे तीत रानापेक्षा वर्गवारी करणाऱ्यांच्या गरजांचेच प्रतिबिंब अधिक स्पष्ट उमटलेले दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडच्या जंगलखात्याने आपल्या इलाख्याचे तीन वर्ग पाडले. पहिला इमारती लाकडाचा व जळाऊ फाट्याचा. दुसरा रमण्यांचा, म्हणजे राखीव गवताचा, ज्यात बाभूळबनेही येत. आणि तिसरा निव्वळ गुरचराईचा. या शिरस्त्यात कोणती वनस्पती कोणत्या मातीत का वाढते, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही; विचारला गेला तो एवढाच, की हिच्यापासून काय मिळेल. तरी त्या जुन्या दफ्तराला एका बाबतीत न्याय दिला पाहिजे: त्याने गवताला स्वतंत्र रकाना दिला होता, आणि पुढे आलेल्या शास्त्रीय वर्गीकरणाने तो बराच काळ दिला नाही.

ते शास्त्रीय वर्गीकरण डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेतून आले. हॅरी चॅम्पियन यांनी 1936 मध्ये हिंदुस्थान व ब्रह्मदेश यांच्या वनप्रकारांची पहिली पाहणी प्रसिद्ध केली, आणि 1968 मध्ये एस. के. सेठ यांच्यासह तिची सुधारलेली आवृत्ती सिद्ध केली; तीत सोळा प्रकारगट आहेत, आणि वाशिमचे बहुतेक रान पाचव्या गटात, उष्ण प्रदेशीय शुष्क पानझडी वनांत, बसते. या पद्धतीचे खरे सामर्थ्य असे, की ती हवामानावरच थांबत नाही. एका हवामानातही माती व उतार बदलला म्हणजे प्रमुख वृक्ष कसा बदलतो, याची ती नोंद घेते. वाशिम ज्यावर वसले आहे, त्या बालाघाटाच्या पठारावर ही गोष्ट डोळ्यांनी पडताळता येते. बेसाल्टचा खडक जिथे उघडा पडला आहे, अशा तापणाऱ्या माथ्यावर सालई उभी राहते. तिच्याखाली जरा माती साठली की साग आणि धावडा. आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणाऱ्या चिकण जमिनीवर पळस. पळसाच्या व बाभळीच्या रानांना त्या ग्रंथात मृदाजन्य प्रकार म्हणून वेगळी घरे मिळाली आहेत, हे मला फार समंजसपणाचे वाटते. असमंजसपणा गवताच्या वाट्याला आला. शुष्क वनांच्या प्रदेशातले गवताळ माळ तिथे मुख्यतः वनाची खालावलेली अवस्था म्हणून येतात. तोड, वणवा आणि चराई थांबली तर येथे झाडी होईल, असे त्यामागे गृहीत आहे. कित्येक ठिकाणी ते खरेही असेल. पण वीतभर मुरमाखाली जिथे अखंड पाषाण आहे, तिथे किती वर्षे थांबल्यावर साग उगवावा?

ही उणीव 1973 मध्ये दाबडघाव व शंकरनारायण यांनी भारताच्या गवताळ आच्छादनावरील आपल्या ग्रंथात भरून काढली. त्यांनी देशाच्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार केले, आणि दख्खनच्या पठारासह बहुतेक द्वीपकल्प ज्यात येते, त्या प्रकाराला पवन्या आणि मारवेल या गवतांच्या प्रजातींवरून नाव दिले. खडकाळ, उताराच्या जमिनीवर पवन्या. सपाट, खोल, काळ्या जमिनीवर मारवेल. गुरे फार झाली की ही दोन्ही गोड गवते हटतात, कुसळी पुढे येते, आणि तीही तुडवली गेली म्हणजे गुरांच्या तोंडाला न लागणारी निकृष्ट एकवर्षायू गवते तेवढी उरतात. गुराख्याला हा क्रम कोणी शिकवावा लागत नाही. परंतु तो एकदा छापला गेल्यामुळे वनाधिकाऱ्याला आता नाकारता येत नाही.

1988 मध्ये कांबळे व प्रधान यांची अकोला जिल्ह्याची वनस्पतिसूची निघाली, तेव्हा वाशिम त्याच जिल्ह्यात होते. पण ती सूची जातींची आहे, समूहांची नव्हे; त्यामुळे रानाच्या वर्गवारीचा प्रश्न तिथे पुढे सरकला नाही.

2000 मध्ये वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळचे 18.32 चौरस किलोमीटरांचे काळवीट अभयारण्य जाहीर झाले, आणि काळवीट हा मोकळ्या माळाचा प्राणी असल्यामुळे माळाला माळ म्हणूनच राखण्याचे एक सबळ निमित्त प्राप्त झाले. तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याचा आसराही हाच गवताळ पट्टा. आणि त्याची घरटी, त्याचे उड्डाण, त्याचे ऋतू यांची परंपरागत माहिती ज्या फासेपारध्यांकडे आहे, त्यांना सोबत घेऊन कारंजाची ‘संवेदना’ ही संस्था येथे काम करते. अभयारण्याबाहेरच्या ई-क्लास जमिनीची गोष्ट निराळी. महसुली दफ्तरात ती गुरचराईची सरकारी पडीक आहे. ‘पडीक’ म्हटल्यावर तिच्यावर अतिक्रमण करणाऱ्याला संकोच वाटत नाही, आणि वृक्षलागवडीचे उद्दिष्ट पुरे करू पाहणाऱ्यालाही नाही. मग मुरमाच्या उतारावर खड्डे खणले जातात, त्यांत रोपे लावली जातात, आणि ती जगोत वा न जगोत, तेवढ्या जागेतला पवन्या मात्र खणून निघालेला असतो. तलाठ्याच्या नमुन्यात पवन्याच्या माळासाठी आजही रकाना नाही.