आज तो का आला नाही?

केळीचं उतिसंवर्धित रोप प्रयोगशाळेतून आलं की आपण ते थेट शेतात लावतो का? नाही. आधी शेडनेटमध्ये कणखर करतो. मग मनाच्या आजारातून उठलेल्या माणसाला दवाखान्यातून आणून थेट ओट्यावर का बसवतो?

वरणगाव परिसरात फिरताना असा एक जण मला नेहमी दिसायचा. गोळ्या चालू, भास थांबलेले. कापूस वेचायला मजूर मिळत नाही आणि हा धडधाकट गडी बसून. आईला विचारलं तर म्हणाली, "साहेब, त्याले काम सांगतच नाही आम्ही. लोक हसतीन."

अशांसाठी दिवसाची केंद्रं असतात. सकाळी यायचं, संध्याकाळी घरी. आपल्याच मुलखातले, मूळ धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया. घरातलं दुखणं त्यांनी झाकून ठेवलं नाही. १९९७ साली पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी केली. तिथे रुग्णांसाठी दिवसाचं केंद्र आणि घरच्यांसाठी स्वमदत गट सुरू झाला.

त्याच्याही आधी, १९४८ साली, न्यूयॉर्कला 'फाउंटन हाऊस' सुरू झालं. इस्पितळातून सुटलेल्या माणसांनीच एकत्र येऊन त्याचा पाया घातला. तिथे येणारा रुग्ण नव्हे, सभासद. स्वयंपाक, झाडलोट, कचेरीचं काम सभासद आणि कर्मचारी जोडीनं करतात. कोणी चार दिवस फिरकला नाही तर त्याची चौकशी होते. मला ही चौकशीच सगळ्यात मोलाची वाटते. नुसतं काम लावून दिल्यानं माणूस रमत नाही. मेणबत्त्या करायला बसवलेली वीस माणसं एकमेकांचं नावही न विचारता घरी जाऊ शकतात.

आपल्या गावात तज्ज्ञ नाही, खरं आहे. औषध डॉक्टरच देतील. गोळ्या परस्पर बंद करू नका. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. पण आठवड्यातून दोन दुपारी ग्रामपंचायतीचं सभागृह उघडायला तज्ज्ञ लागत नाही. शेंगा फोडा, रोपवाटिकेच्या पिशव्या भरा, गांडूळखताच्या बेडवर पाणी मारा. भजनी मंडळातले दोघे, बचत गटातल्या दोघी सोबत बसू द्या. चहा त्यांनीच करावा. फवारणीचं काम मात्र देऊ नका आणि कीटकनाशकाचे डबे कुलपात ठेवा. काम मजुरीचं असेल तर मजुरी द्या. उपचाराच्या नावाखाली फुकट राबवून घेण्याचा मोह आपल्याला लवकर होतो, मी पाहिलंय.

सरपंच, ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं या माणसांना समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा ही काही मेहेरबानी नाही.

हजेरीची वही त्यांच्यातल्याच एकाकडे द्या. कोणी दोन वेळा आला नाही, तर वहीवाल्यानं आणखी एकाला सोबत घेऊन त्याच्या घरी जाऊन यावं.