पोलिसांवरचा विश्वास : भिवंडीचा धडा

पोलिसांविषयीचा अविश्वास आपल्याकडे लोकांच्या मनात आहे, तसा तो कायद्यातही आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नसे. २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या कायद्यानेही ही तरतूद कायम ठेवली. ठाण्यातली कबुली मारहाणीतून आलेली असू शकते, हे खुद्द कायदाच गृहीत धरतो. मग विश्वास यायचा कोठून?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोच्या नागरिकांच्या मुलाखती घेऊन १९९० मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. निकाल आपल्या बाजूने लागला का, यापेक्षा आपले म्हणणे ऐकून घेतले का, भेदभाव न करता, मान राखून वागवले का, यावरून लोक पोलिसांना जोखतात, असा त्याचा निष्कर्ष आहे.

या निष्कर्षाची प्रचिती भिवंडीत येते. यंत्रमागांच्या या गावाने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या. पहिल्या दंगलीची चौकशी करणाऱ्या न्या. मादन आयोगाने पोलिसांच्या विशेष तपास पथकावर धार्मिक पक्षपाताचा ठपका ठेवला. अशा गावात १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. पुढाऱ्यांऐवजी दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी त्यांत घेतले. पोलिसांसमवेत त्यांच्या बैठका होऊ लागल्या; दंगल नसतानाही होऊ लागल्या, हे विशेष. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे खोपडे यांच्या पुस्तकाचे नावच बोलके आहे. शांततेला इतरही कारणे असतील. पण अफवा उठली की ओळखीच्या पोलिसाला विचारता येणे, ही साधी गोष्ट नव्हे.

मात्र अधिकारी बदलून जातो. त्याच्याबरोबर विश्वासाचीही बदली होऊ नये, तर चांगुलपणाला नियमांचा आधार हवा. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये नेमके हेच सांगितले : प्रमुख पदांवर किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, तपास आणि बंदोबस्त यांची फारकत, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण. या आदेशांची पुरती अंमलबजावणी अजूनही झालेली नाही. तोवर ठाण्याची पायरी चढताना ‘आत कोण असेल?’ हा प्रश्न सामान्य माणसाला पडतच राहील. ‘आत कोणीही असो’ असे तो म्हणू लागेल, तेव्हा सुधारणा झाली असे समजावे.