बोरीच्या आकाशात सरकणारा उजेड

परभणी जिल्ह्यातल्या बोरीत अवसेच्या रात्री वर पाहिलं, तर ताऱ्यांच्या मधल्या जागेत निव्वळ काळोख वाटतो. पण तिथे वातावरणाचा स्वतःचा मंद उजेड असतो. त्याचं नाव वायुदीप्ती.

गैरसमज : हा उजेड गावातल्या दिव्यांचा.
वस्तुस्थिती : सगळ्या पंचक्रोशीची वीज गेली तरी तो असतोच. दिवसा सूर्याचे अतिनील किरण प्राणवायूचे रेणू फोडतात, इलेक्ट्रॉन सुटे करतात. रात्री हे तुकडे पुन्हा जुळताना ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते : सुमारे 97 किलोमीटरवर हिरवी, 250 किलोमीटरच्या आसपास तांबडी. त्यातल्या हिरव्या प्रकाशाची वर्णपटातली रेषा शास्त्रज्ञ आंगस्ट्रॉम यांनी 1868 मध्ये नोंदवली.

गैरसमज : हा ध्रुवीय प्रकाशच, थोडा फिका.
वस्तुस्थिती : रंग सारखे, कारण वेगळं. ध्रुवीय प्रकाशाला बाहेरून वेगाने आदळणारे विद्युतभारित कण लागतात. वायुदीप्ती रोज रात्री, सगळ्या पृथ्वीवर असते.

गैरसमज : बोरीवरचा थर टिपायला कॅमेरा बोरीतच हवा.
वस्तुस्थिती : कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचा ऑल-स्काय कॅमेरा या प्रकाशाची छायाचित्रं घेत आला आहे. फिशआय भिंगातून अख्खं आकाश एका चित्रात मावतं. फिल्टर ठरावीक रंगच आत सोडतो. बोरी तिथून सरळ रेषेत सुमारे 400 किलोमीटरवर. पण तांबडा थर इतका उंच, की बोरीच्या माथ्यावरचा त्याचा भाग कोल्हापुरातून ईशान्येला, क्षितिजापासून साधारण 30 अंश वर येतो. निरीक्षणाला निरभ्र, चंद्र नसलेली रात्र लागते. पावसाळ्यात त्यामुळे काम जवळपास ठप्पच.

गैरसमज : चित्रांत सरकणारे काळे पट्टे म्हणजे ढग.
वस्तुस्थिती : ढग इतक्या उंचीवर नसतात. सूर्यास्तानंतर चुंबकीय विषुववृत्तावर आयनांबराच्या, म्हणजे वातावरणातल्या विद्युतभारित थराच्या, तळाकडून विरळ प्लाझ्माचे (विद्युतभारित वायूचे) ‘बुडबुडे’ वर उसळतात आणि चुंबकीय रेषांना धरून उत्तर-दक्षिण ताणले जातात. तिथे विद्युतभारित कण कमी, म्हणून तांबडा प्रकाशही कमी. लागोपाठच्या चित्रांत पट्टा किती सरकला, हे मोजून वेग काढतात. मध्यरात्रीपूर्वी तो बहुधा पूर्वेकडे, सेकंदाला 100 मीटरच्या आसपास असतो. या वेगाने कोल्हापूरच्या माथ्यावरचा पट्टा पाऊण तासात बोरीच्या रेखांशावर पोहोचतो.

गैरसमज : जमिनीवर या बुडबुड्यांचा काहीच परिणाम नाही.
वस्तुस्थिती : या बुडबुड्यांतून येताना उपग्रहांचे रेडिओ संदेश थरथरतात. जीपीएसने दाखवलेली जागा अशा वेळी चुकू शकते. कधी संदेशच तुटतो.