चाकूला पाणी कुणी दिलं?

नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याभोवतीच्या बाजारात कृपाणी, तलवारी, कट्यारी मांडून बसलेली दुकानं आहेत. दर्शनाला आलेली पोरं तिथं थबकतात आणि एखादी चकचकीत कट्यार ‘ट्रेकला होईल’ म्हणून उचलतात. पहिला घोटाळा तिथंच होतो. कृपाण हा अमृतधारी शिखांच्या पाच ककारांपैकी एक. ती श्रद्धेची वस्तू आहे, लाकडं तासायचं अवजार नव्हे. आणि शोभेच्या कट्यारीचं म्हणाल तर तिचं पातं बहुधा मुठीत जेमतेम बोटभर शिरलेलं असतं, नाहीतर बारीक सळईला वेल्डिंग करून जोडलेलं. दोरी कापेपर्यंत ठीक. वाळक्या बाभळीच्या फांदीत रोवून जरा पिळलं की मूठ हातात आणि पातं फांदीत.

म्हणून रानात, शेतात, गडावर न्यायच्या चाकूत धारेच्याही आधी मूठ बघावी. पात्याचीच पट्टी मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेली, दोन्ही बाजूंनी लाकूड आणि आरपार रिव्हेटा, एवढं असलं की निम्मं काम झालं. याला अपवाद आहेत. स्वीडनमधल्या मोरा गावचे साधे, स्वस्त चाकू जगभर वापरले जातात. त्यांतल्या बऱ्याच चाकूंची पट्टी टोकापर्यंत जात नाही, तरी वर्षानुवर्षं टिकतात, कारण वापरणारा त्यांच्याकडून पहारीचं काम करून घेत नाही.

‘पातं जितकं मोठं तितकं कामाचं’ ही समजूत सिनेमानं रुजवली. १९८२ साली रॅम्बो पडद्यावर आला आणि पाठीवर करवतीचे दात, पोकळ मूठ, मुठीच्या टोपणात होकायंत्र अशा चाकूंचं पीक आलं. आजही ऑनलाइन तेच खपतं. त्या दातांनी लाकूड धड कापलं जात नाही, आणि पोकळ मूठ म्हणजे नेमक्या जोर पडणाऱ्या जागी पोलाद काढून टाकलेलं. हुरड्याची कणसं, दोर, फळं, भाजी, चुलीसाठी ढलप्या या सगळ्याला दहा सेंटिमीटर, म्हणजे चार इंचांचं पातं आणि तीनेक मिलिमीटर जाडी भरपूर होते. फांद्याच तोडायच्या असतील तर आपल्याकडे कोयता आहे की! ऊसतोडीच्या मुलखात राहून चाकूला कोयता करायचा हट्ट कशाला?

स्टेनलेसबद्दलही असाच भाबडेपणा आहे. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पोलाद स्टेनलेस म्हणवतं. ते गंजायला उशीर लावतं, पण गंजतच नाही असं नाही. मीठ-लिंबू लागलेलं पातं तसंच ओलं म्यानात घालून ठेवा, ठिपके दिसतील. दुसरी गोष्ट अशी की आपल्या ताट-डब्यांचं जे स्टील, ते तापवून विझवलं तरी कडक होतच नाही, त्यामुळे त्याला धार टिकत नाही. चाकूचं स्टेनलेस वेगळं असतं. साधं कार्बन पोलाद गंजतं खरं, पण धार पटकन घेतं आणि साध्या निसण्यावर लागतं. ते पुसून कोरडं ठेवायचं आणि वरून खोबरेलाचा हलका हात फिरवायचा. शेंगदाण्याचं तेल नको, ते चिकट होतं. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवूनही देऊ नये, चामडं ओल धरतं. याच नांदेडात दिवाळीच्या तोंडावर तख्तस्नानाला गोदावरीचं पाणी आणून गुरुद्वाऱ्यातलं तख्त धुतात, तेव्हा तिथली जुनी शस्त्रंही बाहेर काढून साफ करतात. जुनं पोलाद टिकतं ते अशा हातांमुळे.

आता मुख्य गोष्ट. ‘कोणतं स्टील आहे?’ असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. ‘पाणी कुणी दिलं, कसं दिलं?’, म्हणजे तापवून विझवलं कुणी आणि कसं, असं कुणी विचारत नाही. उत्तम पोलाद चुकीचं तापवलं तर काचेसारखं तडकतं, नाहीतर पत्र्यासारखं वाकतं. साधं पोलाद नीट हाताळलं तर पिढी काढतं. आपल्याकडचे घिसाडी आणि लोहार बहुतेक अवजारं ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून घडवतात. त्यात कार्बन साधारण अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो. चाकूला हे पोलाद चांगलंच, चिवट असतं.

आठवडी बाजाराच्या कडेला घिसाड्याची पालं पडलेली असतात तिथं जरा उभं राहून बघा. भात्याच्या जागी आता हातानं फिरवायचा पंखा आलाय. पुरुष सांडशीत पट्टी धरून ऐरणीवर फिरवतो आणि समोरून बाई घण घालते. जोराचं काम तिचंच. घडवून झालं की पातं पुन्हा लाल करतात. पोलाद सुमारे ७७० अंशांना पोचलं की त्याला चुंबक चिकटत नाही. त्याच्या जरा वर नेऊन विझवलं की ते कडक होतं, पण ठिसूळही. जाणता कारागीर म्हणून फक्त धारेची बाजू बुडवतो, झटकन बाहेर काढतो, दगडावर घासून चकचकीत करतो आणि बघत बसतो. पाठीत उरलेली ऊब धारेकडे सरकते, तसा रंग चढतो: आधी गव्हाच्या काडासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. धारेवर पिवळा आला की पातं पुन्हा विझवायचं. निळ्यापर्यंत गेलं तर स्प्रिंग झाली, चाकूची धार गेली. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, आणि तरी पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास हे बरोबर जमतं. तपासायचं असेल तर धारेवर कानस फिरवा. कडक पातं कानशीला दाद देत नाही, ती घसरते. मऊ असेल तर चावते.

लोहाराला दोन गोष्टी मात्र आवर्जून सांगाव्यात. कमानपाटा पाण्यात विझवला तर पातळ धारेला चीर जाऊ शकते, म्हणून तेलात विझवायला सांगा. आणि पाटा मुळात जाड असतो, तो घासून पातळ करून घ्या. तसाच ठेवला तर चाकूच्या नावाखाली छोटी कुऱ्हाड हातात येईल. वापरून दमलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात, म्हणून कोरा तुकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं.

लाटालाटांचं ‘दमास्कस’ पातं म्हणजे भारीच, हा आणखी एक समज. आज त्या नावानं विकतात ते बहुतेक दोन प्रकारची पोलादं थरावर थर जोडून केलेलं असतं, काही ठिकाणी तर नुसती आम्लानं कोरलेली नक्षी. नक्षीचा धारेशी संबंध नाही. जुन्या दमास्कस तलवारींचं पोलाद मात्र कुठून जायचं? आपल्या शेजारून! निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम मुशीत पोलाद गाळण्यासाठी नावाजलेलं होतं. १८२०च्या सुमारास भूगर्भतज्ज्ञ हेन्री व्हॉयसी तिथं गेला तेव्हा त्याला पोलाद न्यायला आलेला इस्फहानचा व्यापारी भेटला. त्या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असायचा, आणि नक्षी उमटायची ती सावकाश थंड होताना, आतून.

उरला कायदा. ‘दुकानात मिळतं म्हणजे बाळगायला चालतं’ आणि ‘नऊ इंचांच्या आत असलं की बिनघोर’ या दोन्ही समजुती अर्धवट आहेत. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती व शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत, हे खरं. पण सण, मोर्चे, निवडणुका आल्या की नांदेड-लातूरमध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात, आणि त्या कलमात सुरे काय, काठ्याही येतात. तिथं इंच मोजत नाहीत. शिखांची कृपाण संविधानाच्या अनुच्छेद २५ मुळे वेगळी ठरते. तिचा दाखला तुमच्या चाकूला लागू होत नाही. विमानानं जायचं तर चाकू चेक-इनच्या सामानात.

आणि किनवटकडून पैनगंगा अभयारण्यात शिरणार असाल तर आणखी एक. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मधल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत चाकूचं नाव आहे, आणि मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. तिथं तो चार इंचीही घरीच राहू द्यावा.