अपस्मार आणि झोपेतला मृत्यू

रात्री नीट जेवून झोपलेला अपस्माराचा रुग्ण सकाळी अंथरुणात पालथा, निपचित सापडतो. शवविच्छेदनातही कारण हाती लागत नाही. अशा आकस्मिक मृत्यूला डॉक्टर ‘सुडेप’ म्हणतात. अमेरिकी अभिनेता कॅमेरॉन बॉइस २०१९ मध्ये, अवघ्या २० व्या वर्षी, असाच झोपेत गेला. मोठ्या माणसांत हे प्रमाण वर्षाला हजार रुग्णांमागे सुमारे एक. खरा धोका सर्वांगाला झटके देणाऱ्या फिटचा, त्यातही रात्री, एकटं असताना. फिटनंतर श्वास थांबतो, पाठोपाठ हृदय. म्हणून गोळी चुकवू नका; खोलीत कुणीतरी सोबतीला झोपा. फिट आल्यावर कांदा हुंगवत बसू नका. कुशीवर वळवा, श्वास चालतोय ना पाहा, पूर्ण शुद्ध येईपर्यंत जवळून हलू नका. घरचे घाबरतील म्हणून डॉक्टरांनी हे सांगायचं टाळणं मला मुळीच पटत नाही.