सातबाऱ्याबाहेरची शेतकरीण

दरवर्षी जून महिन्यात वसतिगृहातील प्रवेशाच्या वेळी पालकांशी बोलताना एक वाक्य हमखास कानी पडते : "गावाकडं आता काही राहिलं नाही, बाई." मराठवाड्यातून बांधकामाच्या मजुरीसाठी पनवेल परिसरात आलेली ही कुटुंबे. येथे विचुंब्यात गाढी नदीला पूर आला की आपण धास्तावतो. आणि त्यांच्या लातुरास 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींनी पिण्याचे पाणी न्यावे लागले होते. पर्यावरण हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे, मी इतिहासाची शिक्षिका आहे. परंतु याच लातूर-धाराशिव भागातील खेड्यांत स्त्रियांनी दुष्काळाशी जो व्यवहार मांडला, तो इतिहासाच्या अभ्यासकानेही समजून घ्यावा असा आहे.

त्याचे मूळ एका वेगळ्याच आपत्तीत आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे गाडली गेली. पुनर्वसनाच्या शासकीय कार्यक्रमात गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. घर कसे बांधावे, अनुदान कसे मिळवावे, अधिकाऱ्यास प्रश्न कसा विचारावा, हे त्या शिकल्या आणि इतरांना शिकवू लागल्या. कार्यक्रम संपला तरी त्यांचे गट मोडले नाहीत. प्रेमा गोपालन यांनी उभारलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या आधाराने ते बचत, आरोग्य आणि पुढे शेतीकडे वळले. 2001 साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच खेडवळ स्त्रिया तेथील बायकांना धीर द्यायला गेल्या होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

लागोपाठच्या दुष्काळांत या गटांतून 'एक एकर शेती' ही पद्धत रूढ झाली. तिचे मर्म समजण्यासाठी आधीची स्थिती पाहावी लागेल. कोरडवाहू भागात घरच्या सगळ्या रानात सोयाबीन पेरले जाई आणि पाण्याची सोय असणारा ऊस लावी. कोणते पीक घ्यायचे ते पुरुष ठरवत. खुरपणी, वेचणी, काढणी मात्र बाईकडे. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ओढ दिली किंवा ऐन काढणीत परतीचा पाऊस कोसळला की एका फटक्यात वर्ष बुडे. आणि धान्य घरचे नसल्याने, हाती पैसा नसताना तेही दुकानातून आणावे लागे.

स्त्रियांनी घरात मागणी केली ती अवघ्या अर्ध्या-एक एकराची. बहुधा त्यांच्या वाट्याला हलके, बांधाकडचे, कुणाला नको असलेले रान आले. त्यात त्यांनी एकाऐवजी वीस-पंचवीस पिके घेतली. मूग आणि उडीद दोन-अडीच महिन्यांत हाती येतात. तुरीचे मूळ खोल जात असल्याने पावसाचा खंड ती सोसते. रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर निभावते. कडेने भाजीपाला ठिबकच्या थोड्या पाण्यावर येतो. एक पीक गेले तरी दुसरे उभे राहते. खतासाठी शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन यांचे जीवामृत, किडीसाठी दशपर्णी अर्क, बियाणे घरचे. खर्च घटला, म्हणून कर्जही घटले. जोडीला शेळ्या-कोंबड्या. यात जादू काही नाही. आपल्या आज्या हेच करीत होत्या. फरक इतकाच की आज निर्णय बाई घेते. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांना तरुणपणीच वैधव्य आले. बचत गटातून त्या पुढे आल्या आणि शेकडो गावांतील स्त्रियांच्या संघटक झाल्या. 2017 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर पुरस्कार' या संस्थेस मिळाला.

कौतुक एवढे पुरे. माझ्या मनातील प्रश्न निराळा आहे. त्या एका एकराचा सातबारा कोणाच्या नावे? बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या. कागदावर नाव नसेल तर पीककर्ज, विमा किंवा दुष्काळी अनुदान यांवर तिला स्वतंत्र हक्क सांगता येत नाही. महाराष्ट्राने 1994 साली, म्हणजे केंद्राच्या अकरा वर्षे आधी, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा दिला. पण भावांसाठी हक्कसोड लिहून देणाऱ्या बहिणी आजही गावोगाव दिसतात. बाबासाहेबांनी हिंदू संहिता विधेयकासाठी मंत्रिपद सोडले, याची आठवण आपण जयंतीला करतो आणि तलाठी कार्यालयात मात्र विसरतो.

आणि ज्या घराला सासऱ्याच्याही नावे जमीन नाही, त्या घरातील बाईने अर्धा एकर कोणाकडे मागावा? आपल्या समाजातील बहुसंख्य कुटुंबांचा हा प्रश्न आहे. कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी 1937 साली मुंबई विधिमंडळात मांडले. आपल्याच जिल्ह्यातील चरीच्या कुळांचा संप तेव्हा चालू होता. 1959 आणि 1964-65 मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, त्यांत लेकुरवाळ्या बाया तुरुंगात गेल्या. तेव्हा मागणी पोटासाठी होती. आज पाऊस बेभरवशाचा झाल्यावर तीच मागणी तगून राहण्याची झाली आहे. कारण ज्याच्याकडे रान नाही, तो पीक बदलू शकत नाही, फक्त गाव बदलतो.

दादासाहेबांच्याच नावाने 2004 पासून सबलीकरण व स्वाभिमान योजना चालू आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन मिळू शकते. ती पती-पत्नी दोघांच्या नावे होते. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य असून जमीन त्यांच्या एकटीच्या नावे होते. अडचण अशी की ठरलेल्या दरात जमीन विकणारा सापडणे कठीण, आणि सापडला तरी ती पडीक निघते. पण तशाच हलक्या रानातून वर सांगितलेल्या स्त्रियांनी धान्य काढले आहे. गावाकडे घर असलेल्या पालकांनी आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात या योजनेची चौकशी अवश्य करावी. आणि जाताना घरातील बाईला सोबत न्यावे.